जिवाणूंची ऊब आणि विषाचे माप



वैशाखाच्या दिवसांत, आणि तेही परभणीत, उष्णतेवर व्याख्यान द्यावयाचे हे एक धाडसच आहे. जिने दिवसभर आपल्याला भाजून काढले तिचेच गुणगान संध्याकाळी कोण ऐकणार? परंतु आम्ही ज्या उष्णतेविषयी बोलणार आहोत ती सूर्याची नव्हे. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या अंगची ऊब आहे. ती इतकी थोडी, की एका जिवाची ऊब मोजण्याइतके नाजूक यंत्र सहसा मिळत नाही. आणि इतकी सर्वत्र, की आपल्या शेतातल्या ढेकळात, गोदावरीच्या गाळात आणि घरामागच्या शौचालयाच्या टाकीत ती अखंड निघत असते. या उबेवरून विषाचे माप काढता येते, हा आजचा विषय. एखादे रसायन जिवाणूंना किती घातक आहे हे त्यांच्या उष्णतेवरून ओळखण्याची ही विद्या आहे. तिचा आपल्या जिल्ह्याशी संबंध काय, असे आपल्या मनात आले असेल. तो संबंध बीजप्रक्रियेच्या घमेल्यापासून नदीच्या पात्रापर्यंत आहे, हे आम्ही क्रमाने सांगू.

प्रथम विष म्हणजे काय, याचा विचार करू. आपण सहज म्हणतो, अमुक पदार्थ विषारी, तमुक निर्विष. पण आपल्या वैद्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे की वचनाग शुद्ध करून मात्रेने दिला तर औषध होतो आणि मात्रा चुकली की प्राण घेतो. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने हेच सांगितले: विषपणा ठरतो तो मात्रेवरून. मग मात्रा मोजली की काम झाले, असे वाटेल. रसायनशास्त्रज्ञ ती मोजतो. एका लिटर पाण्यात तांबे इतके मिलिग्रॅम, जस्त इतके मिलिग्रॅम, असा तक्ता तो हाती देतो. हा तक्ता अत्यंत आवश्यक आहे. परंतु त्यात एक उणीव राहते. तांबे किती आहे हे त्यावरून कळते, ते कोणाला किती बाधते हे कळत नाही. मृदू पाण्यात तांब्याचा जो अंश माशाला मारतो, तोच अंश चुन्याचे प्रमाण अधिक असलेल्या जड पाण्यात पुष्कळ सौम्य ठरतो. आपली काळी जमीन चुनखडीची, अल्कधर्मी आणि चिकण मातीची. ती कित्येक धातूंना धरून ठेवते. म्हणून रेताड जमिनीत जे प्रमाण घातक ठरेल, ते कापसाच्या काळ्या रानात तसेच ठरेल असे नाही. शिवाय पाण्यात एकच द्रव्य कधी नसते. दहा द्रव्ये प्रत्येकी मर्यादेच्या आत असून दहांचे मिश्रण त्रासदायक होऊ शकते. तक्त्यात दहा आकडे येतात. त्यांची बेरीज जिवाच्या अंगावर कशी पडली ते येत नाही. ते विचारावयाचे तर जिवालाच विचारले पाहिजे.

कोणत्या जिवाला? माशाला विचारता येईल, उंदराला विचारता येईल, आणि तसे विचारतातही. पण जमिनीच्या आणि पाण्याच्या बाबतीत ज्यांच्यावर सारा संसार चालतो ते जिवाणू. चांगल्या जमिनीच्या चिमूटभर मातीत ते कोट्यवधींच्या संख्येने असतात. पाचोळा कुजवणे, शेणाचे खत करणे, नदीत पडलेली घाण खाऊन पाणी निवळवणे, गोबर गॅसच्या टाकीत गॅस तयार करणे, ही सारी त्यांची कामे. त्यांतलाच एक रायझोबियम. तूर, मूग, उडीद, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवर ज्या गाठी दिसतात त्या याच्यामुळे होतात, आणि त्या गाठींत बसून तो हवेतला नत्र पिकाला खाऊ घालतो. डाळवर्गीय पिकांना हवेतला नत्र गाठींच्या द्वारे मिळतो हे जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी दाखवून दिले, आणि १८८८ साली हॉलंडमध्ये बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला. आज परभणीच्या कृषि विद्यापीठात हीच जिवाणू खते तयार होतात व शेतकरी ती घेऊन जातात. या विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली, आणि २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे.

आता या जिवाणूंना विष बाधले की नाही हे आजवर कसे पाहत आले? जुनी रीत मोजणीची. मातीचे किंवा पाण्याचे थेंब पोषक द्रव्याच्या बशीवर पसरावयाचे, दोन-चार दिवस उबवावयाचे आणि उठलेले ठिपके मोजावयाचे. रीत चांगली, परंतु जमिनीतल्या जिवाणूंपैकी शंभरात एखादाच बशीवर वाढतो. बाकीचे नव्व्याण्णव बशीला नाके मुरडतात. म्हणजे गावची खानेसुमारी करावयाची आणि चावडीवर आले तेवढेच मोजावयाचे, असा तो प्रकार होतो.

दुसरी रीत प्राणवायूची. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात ते मोजतात. आपल्याकडे ही परीक्षा २७ अंश उष्णतेवर तीन दिवस करतात. प्राणवायू जितका अधिक लागला तितकी घाण अधिक. नद्यांच्या प्रदूषणाच्या बातम्यांत जो आकडा असतो, तो बहुधा हाच. परंतु या परीक्षेत एक फसगत संभवते, आणि ती नागरिकांनी नीट समजून घेण्यासारखी आहे. पाण्यात घाणीबरोबर विषही असेल तर जिवाणू मरतात किंवा मलूल पडतात. मलूल जिवाणू प्राणवायू कमी घेतात. आणि कागदावर ते पाणी पुष्कळसे स्वच्छ दिसते! पंगतीत वाढपी आणि पाहुणे सारेच बेशुद्ध पडावेत आणि स्वयंपाक कमी लागला म्हणून यजमानाने समाधान मानावे, तशी ही गोष्ट आहे. जाणता परीक्षक निरनिराळ्या प्रमाणांत पाणी पातळ करून, आकडे जुळतात की नाही हे पाहून, ही फसगत ओळखतो. तरी नुसत्या एका आकड्यावर विसंबणाऱ्याला ती चकवू शकते.

तिसरी रीत प्रकाशाची. समुद्रात काही जिवाणू स्वतः मंद प्रकाश देतात. त्यांच्यात तपासावयाचे पाणी मिसळले की पाव ते अर्ध्या तासात, विषाच्या मानाने, त्यांचा प्रकाश मंदावतो. ही परीक्षा झटपट होते आणि जगभर मान्य आहे. परंतु हे जिवाणू खाऱ्या पाण्यातले, आणि प्रकाश मोजावयाचा तर पाणी पारदर्शक हवे. मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या डिस्टिलरीचे सांडपाणी आपण पाहिले असेल. ते काळसर तपकिरी, काढ्यासारखे असते. त्यातून प्रकाश बाहेर येणार कसा? गाळाचे आणि मातीचे तर विचारूच नका.

म्हणून अशा एका खुणेची गरज होती, जी प्रत्येक जिवाकडे असेल, गढूळ पाण्यातून आणि मातीतूनही बाहेर येईल, आणि जिच्यासाठी जिवाणूंना रंग चढवावा लागणार नाही की त्यांना फोडावे लागणार नाही. अशी खूण म्हणजे उष्णता.

जीव आहे तेथे ऊब आहे, हे आपल्याला नवे नाही. हिवाळ्यात सकाळी उकिरडा उकरला की वाफ निघते. ओल्या गवताची गंजी आत हात घालवेना इतकी तापते. मानवत-सेलूच्या बाजारात ज्यांनी कापसाचा व्यापार केला आहे त्यांना ठाऊक आहे की भिजलेला कापूस ढिगात ठेवला तर आतून ऊन लागतो. ही उष्णता बहुतांशी त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांची. ती का निघते? अन्न जाळल्याशिवाय जीव जगत नाही. ग्लुकोज साखरेचे १८० ग्रॅम प्राणवायूत पूर्ण जळाले तर सुमारे २८०० किलोज्यूल, जुन्या हिशेबाने पावणेसातशे किलोकॅलरींच्या आसपास, उष्णता निघते. चुलीत जाळा की शरीरात जाळा, एकूण हिशेब तोच. जिवाणू वाढत असेल तर त्यातला काही भाग तो आपले अंग बांधण्यात गुंतवतो. बाकीची उष्णता बाहेर पडते. शरीरातील जळण आणि चुलीतील जळण एकाच जातीचे, ही गोष्ट फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात प्रयोगाने पाहिली. त्यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग नावाचा लहान प्राणी ठेवला आणि त्याच्या उबेने किती बर्फ वितळले ते मोजले. पुढे १७९४ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. त्याची ही विद्या मात्र जगली.

गिनीपिग मोठा प्राणी, जिवाणूंचे काय? वाढीस लागलेला एक जिवाणू साधारण दोन पिकोवॅट उष्णता देतो. एका वॅटचे दहा लाख भाग करावेत, त्यांतल्या एकाचे पुन्हा दहा लाख भाग करावेत, म्हणजे एक पिकोवॅट होतो. जुना साठ वॅटचा विजेचा दिवा जेवढी शक्ती घेई तेवढी उष्णता द्यावयास असे तीस लाख कोटी जिवाणू लागतील. परंतु त्याला दुबळा समजू नका. त्याचे वजन ग्रॅमच्या एक लाख-कोटीव्या भागाएवढे. वजनाच्या मानाने पाहिले तर स्वस्थ बसलेल्या माणसापेक्षा तो हजार-दीड हजार पट अधिक तापट आहे! माणूस त्या मानाने तापू लागला तर वैशाखाची गरजच उरणार नाही.

एवढी सूक्ष्म उष्णता मोजावयाची कशी? येथे जर्मनीचे नाव पुन्हा घ्यावे लागते. आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे म्हणणाऱ्या गावात ते घेण्यास हरकत नसावी. बर्लिनमध्ये १८२१ साली झीबेक यांना असे दिसले की दोन निरनिराळ्या धातूंचे सांधे जोडून एक सांधा ऊन आणि एक थंड ठेवला तर त्यांत विजेचा परिणाम उत्पन्न होतो. असे शेकडो सांधे कुपीभोवती बसवले की कुपीतून बाहेर झिरपणारी उष्णता विजेच्या रूपाने मोजता येते. फ्रान्समध्ये मार्सेय येथे तियाँ आणि त्यांच्यामागून काल्व्हे यांनी या तत्त्वावर जोडीचे यंत्र बनवले. एका कुपीत जिवाणू, दुसरीत तसेच पाणी पण जिवाणू नाहीत; दोहोंतला फरक तेवढा मोजावयाचा. त्यामुळे खोलीतल्या चढउतारांचा दोष दोन्हीकडे सारखा पडून वजा होतो. इंग्लंडच्या ए. व्ही. हिल यांनी १९१० च्या सुमारासच जिवाणूंच्या उष्णतेचे प्रयोग केले होते. स्नायूंच्या उष्णतेवरील कामासाठी पुढे १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेले ते हेच. १९६० नंतर स्वीडनमधील लुंड येथे इंगमार वाडसो यांनी ही यंत्रे अधिक सुटसुटीत केली. आजच्या चांगल्या यंत्राला मायक्रोवॅटचा, म्हणजे वॅटच्या दहा लाखाव्या भागाचा, अंशही समजतो. दहा लाख जिवाणू मिळून दोन मायक्रोवॅट देतात. तेव्हा चमचाभर पाण्यात काही लाख जिवाणू असले की यंत्राला त्यांचा सुगावा लागतो.

आता परीक्षा कशी चालते ते पाहू. काही मिलिलिटरच्या लहान बंद कुप्या घ्यावयाच्या. प्रत्येकीत सारखे जिवाणू, किंवा सारखी माती, आणि सारखे अन्न. बहुधा थोडी साखर. एका कुपीत विष नाही. बाकीच्यांत ते चढत्या मात्रेने. मग यंत्र स्वतःच तासन् तास आलेख काढत बसते. निरोगी कुपीचा आलेख प्रथम काही वेळ जमिनीलगत चालतो, मग जिवाणू वाढू लागले की झपाट्याने चढतो, शिखर गाठतो आणि अन्न संपले की उतरतो. विषाच्या कुपीत काय होते? कधी आलेख उशिरा चढू लागतो, कधी चढ मंद होतो, कधी शिखरच बुटके राहते, आणि मात्रा फार झाली तर रेघ सपाट.

या तीन प्रकारांचा अर्थ वेगवेगळा आहे, आणि या रीतीचे मोल त्यातच आहे. समजा, निरोगी कुपीत शिखर चार तासांनी आले आणि विषाच्या कुपीत आठ तासांनी. पण आलेखाखालचे एकूण क्षेत्र, म्हणजे एकूण उष्णता, दोन्हींत सारखी. याचा अर्थ जिवाणू दचकले, थबकले, पण शेवटी त्यांनी सारे अन्न संपवले. उलट एकूण उष्णताच निम्मी झाली तर काम खरोखर बुडाले. बशीवरच्या मोजणीत जिवंत किंवा मेलेला एवढेच कळते. येथे आजारी किती, सावरला कधी, हेही कळते. वाढीचा वेग ज्या मात्रेने निम्मा होतो ती मात्रा काढली की निरनिराळ्या रसायनांची तुलना करता येते. अशा परीक्षांत पारा आणि चांदी यांचे क्षार सामान्यतः जस्त-शिशापेक्षा पुष्कळ घातक ठरतात, आणि क्रोमियमचे सहा संयुजेचे रूप तीन संयुजेच्या रूपापेक्षा.

परंतु श्रोतेहो, कोणत्याही मापाची स्तुती करताना ते कोठे फसते हेही सांगितले पाहिजे. उष्णता कमी झाली म्हणजे विष बाधले, हे आम्ही सांगितले. मग उष्णता वाढली तर? तर जिवाणू खूश आहेत, असे म्हणण्याची घाई करू नये. काही विषे अशी आहेत की त्यांच्या थोड्या मात्रेने उष्णता वाढते. लाकूड टिकावे म्हणून वापरले गेलेले पेंटाक्लोरोफिनॉल हे त्यांतले, आणि डायनायट्रोफिनॉल हेही. आपण मोटेचे उदाहरण घेऊ. बैल जोमाने चालत आहेत, नाडा ताणला आहे, चाक कुरकुरत आहे. पण मोट फुटकी आहे. पाणी वाटेतच गळते, थारोळ्यात काही पडत नाही. बैलाचा घाम पाहून जो पिकाची आशा धरील तो फसेल. ही विषे जिवाणूची मोट फोडतात. अन्न जळते, उष्णता भरपूर निघते. परंतु जळण आणि काम यांची सांगड सुटल्यामुळे अंगी काही लागत नाही. माणसाच्या बाबतीतही हे घडले आहे. १९३३ नंतर अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल वजन उतरवण्याचे औषध म्हणून खपले. वजन उतरले खरे. पण काही माणसे तापाने फणफणून दगावली, काहींना मोतीबिंदू झाला, आणि १९३८ मध्ये त्यावर बंदी आली. म्हणून जाणता परीक्षक नुसती उष्णता पाहत नाही. तो चढाचा वेग पाहतो, आणि जिवाणूंचे वजन किंवा संख्या वाढली काय हेही ताडून पाहतो.

आणखी दोन गोष्टी. काही जिवाणू विषच खातात. फिनॉल थोडे असेल तर कित्येक जिवाणूंचे ते भोजन होते. तेव्हाही उष्णता वाढते, पण ती भल्याची. आणि मातीच्या उबेत साऱ्यांची बेरीज असते. एक जात मेली आणि तिच्या मढ्यावर दुसरी पोसली तर बेरीज तशीच दिसेल. मग तुरीच्या गाठीचा रायझोबियम मेला की जगला हे मातीच्या एकूण उबेवरून सांगता येणार नाही. त्याला वेगळा काढून विचारावे लागेल. गावचा एकूण वसूल नीट जमला म्हणजे प्रत्येक घरी चूल पेटली असे नव्हे, हे आपण जाणतोच.

आता या साऱ्याचा आपल्या जिल्ह्याला उपयोग काय, ते सांगतो. मृग जवळ आला आहे. तूर-सोयाबीनच्या बियाण्याला शेतकरी थायरमसारखे बुरशीनाशक चोळतो, आणि त्याच बियाण्याला जिवाणू खतही लावतो. एक द्रव्य सूक्ष्म जीव मारण्यासाठी, दुसरे सूक्ष्म जीव जगवण्यासाठी. आणि दोघांची गाठ एकाच घमेल्यात! म्हणूनच कृषिखाते सांगते की आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी, पेरणीच्या दोन-तीन तास आधी, रायझोबियम. दहा किलो बियाण्यास अडीचशे ग्रॅम, गुळाच्या पाण्यातून, आणि सुकवणे सावलीत. हा क्रम म्हणजे सोवळेओवळे नव्हे. विषाची आणि जिवाणूची गाठ जितकी उशिरा पडेल आणि जितकी थोडा वेळ राहील तितके जिवाणू अधिक जगतात. जिवाणू खतांचा २००६ साली खत नियंत्रण आदेशात समावेश झाला, आणि भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावेत असा दंडक आला. हा दंडक पाकिटापुरता. पाकीट फुटून बियाणे बुरशीनाशकात घोळले गेल्यावर त्या पाच कोटींपैकी किती कामाचे राहिले, हा पुढचा प्रश्न आहे, आणि उष्णतेची परीक्षा त्याचे उत्तर काही तासांत देऊ शकते. पूर्वी पाऱ्याची बुरशीनाशके बियाण्याला चोळत. ती आता बंद झाली आहेत. जी चालू आहेत त्यांच्याविषयी ‘बुरशी किती मरते’ याबरोबर ‘रायझोबियम किती जगतो’ हे विचारण्याचा शेतकऱ्याला अधिकार आहे.

दुसरी गोष्ट गोदावरीची. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांना शिवत ती जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ महाराष्ट्रात, आणि त्या यादीत गोदावरीही आहे. ही यादी मुख्यतः त्या प्राणवायूच्या आकड्यावर बेतलेली. घाण मोजण्यास तो योग्यच. परंतु नदी घाण पचवते ती जिवाणूंच्या बळावर. घाणीचा उपाय करता येतो, नदी स्वतःही तो करते. पचवणाराच दुबळा झाला तर? संत जनाबाईंच्या गंगाखेडला आपण पर्वणीला स्नान करतो, ते पाणी निवळते कोणामुळे, याचाही कधी विचार व्हावा. म्हणून नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याची परीक्षा करताना ‘घाण किती’ याच्या जोडीला ‘जिवाणूंना बाधक किती’ असा दुसरा रकाना असावा, असे आम्हांस वाटते. काळ्या पाण्याची, गढूळ पाण्याची आणि गाळाची परीक्षा उष्णतेने होते, हे आपण पाहिलेच.

तिसरी गोष्ट प्रत्येकाच्या घरची. शौचालयाच्या टाकीतली घाण जिवाणूच पचवतात. आपण वरून ॲसिड आणि फिनेल मुक्तहस्ताने ओततो, आणि टाकी लवकर भरते म्हणून मजुराला दोष देतो. गोबर गॅसचेही तसेच. गोठा फिनेलने धुवून ते पाणी शेणाबरोबर टाकीत गेले की गॅस रुसतो. येथे यंत्राची गरज नाही. हात आवरला तरी पुरे.

हे यंत्र महाग आहे, ते गावोगाव येणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्याचे तत्त्व शाळेतल्या मुलांनाही दाखवता येते. दोन सारखे थर्मास घ्यावेत. एकात मोड येत असलेली मटकी, दुसऱ्यात तेवढीच मटकी उकळून, थंड करून आणि जंतुनाशकाने धुवून. तोंडाला कापसाचा बोळा, त्यातून उष्णतामापक. दुसऱ्या दिवशी पहिला थर्मास काही अंश चढलेला असतो, दुसरा नाही. तिसरा थर्मास मिळाला तर त्यातल्या मटकीला मोरचुदाचे पाणी द्यावे आणि काय होते ते मुलांनीच टिपून ठेवावे. प्रयोगानंतर ती मटकी मात्र कोणाच्या तोंडी जाऊ देऊ नये. विष आणि जीव यांचा संबंध या प्रयोगाने मुलांना समजेल तसा तक्ते पाठ करून समजणार नाही.

शेवटी एकच सांगावयाचे आहे. १९५८ साली केरळात कीटकनाशक मिसळलेले धान्य खाण्यात येऊन शंभरावर माणसे दगावली, तेव्हा देश हादरला आणि १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला. माणूस मरतो तेव्हा रडणारे असतात, चौकशी होते, कायदे होतात. गाय मेली तर शेतकरी तलाठ्याकडे जातो. नदीत मासे मेले तर पांढरे पोट वर करून तरंगतात, आणि छायाचित्र छापून येते. जिवाणू मेले तर काहीच दिसत नाही. जमीन तशीच काळी दिसते, नदी तशीच वाहते. काही वर्षांनी खताची मात्रा वाढवावी लागते, पाण्याला वास येऊ लागतो, आणि कारण काय हे कोणालाच सांगता येत नाही, कारण साक्षीदार केव्हाच गेलेले असतात. या मुक्या साक्षीदारांची जबानी ते जिवंत असतानाच नोंदवून घेण्याची सोय उष्णतेच्या मापाने झाली आहे. ती जबानी मागावी कोणी? प्रयोगशाळेने मागावीच, पण प्रयोगशाळेकडे ती मागण्याचे काम शेतकऱ्याचे, नगरपालिकांचे आणि आपल्यासारख्या नागरिकांचे आहे.